घरच्या खोलीत साडीचं मॉडेल शूट : आधी खोली, मग सामान

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात कौलारू घर आहे, सोप्यामागची बारा बाय चौदा फुटांची खोली मोकळी आहे. हाताशी जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स आहे. खर्चायला वीस-पंचवीस हजार रुपये. बेळगावातल्या वडगावच्या एका साडी दुकानदाराला मॉडेलला साड्या नेसवून फोटो हवे आहेत, पायापासून डोक्यापर्यंत आणि पदराचे जवळून. तुम्ही विचारलंय की एवढ्या पैशात एलईडी लाईट घेऊ की सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्यांचा, तयार सेट.

बेळगावात इतकी वर्षं हेच काम करतोय, त्यावरून सांगतो. दोन्ही घेऊ नका, निदान या आठवड्यात तरी नको. घरच्या स्टुडिओत पहिला लाईट म्हणजे ती खोलीच. भिंतीचा रंग, छत, फरशी, खिडकी, यातली प्रत्येक गोष्ट मॉडेलवर उजेड फेकत असते आणि तो उजेड तुम्ही मागितलेला नसतो. आपल्याकडच्या घरांत भिंती पोपटी, फिकट गुलाबी, आकाशी. मॉडेल भिंतीपासून चार फुटांवर उभी राहिली की पोपटी रंग तिच्या गालाच्या कडेला आणि पांढऱ्या ब्लाउजवर हमखास उतरतो. तो नंतर कॉम्प्युटरवर काढायला गेलात तर साडीचा रंगही हलतो, आणि साडीच्या शूटमध्ये रंग हलला की काम वाया. गिऱ्हाईक फोटोत डाळिंबी बघून मागवतं, हातात विटकरी येते, साडी परत येते. दुकानदार त्याचा दोष विणकराला देणार नाही, तुम्हालाच देणार.

म्हणून पहिला खर्च काळ्या कापडाचा. चमक नसलेलं जाड काळं कापड घ्या, मॉडेलच्या दोन्ही बाजूंच्या भिंती झाकतील एवढं. खिळ्यांना दोरी बांधून पडद्यासारखं लावा, म्हणजे एरवी बाजूला सारता येईल. त्यातली एक बाजू अधूनमधून उघडी करून तिथे पांढरा थर्माकोल लावायचा आहे, त्याकडे पुढे येतो. कौलारू खोलीचा एक मोठा फायदा तुम्हाला मिळालाय. स्लॅबच्या घरात पांढरं छत सगळीकडे उजेड उडवतं. तुमच्याकडे वर वासे आणि काळवंडलेली कौलं आहेत, ती काही परत फेकत नाहीत. फक्त काचेचं कौल असेल तर ते झाका. दुपारी त्यातून पडणारा पट्टा जमिनीवर सरकत जातो, आणि शूटच्या मध्यावर तो पदरावर आला की आधीचे आणि नंतरचे फोटो जुळत नाहीत.

खोली झाली की एक चाचणी करा. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००. खोलीतली ट्यूब बंद करायची. फ्लॅश न लावता एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे इथून पुढे फोटोत जो उजेड दिसेल तो फक्त तुम्ही दिलेला असेल. थोडं जरी काही दिसलं तरी कुठून येतंय ते शोधा. दाराची फट, ट्यूब, शेजारच्या खोलीतला बल्ब, काहीतरी असतंच. ही चाचणी मी आजही प्रत्येक नव्या जागेत करतो.

आता जागेचं गणित. हे नीट वाचा, कारण यावर तुमचं शूट होणार की नाही ते ठरतं. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम लावून पूर्ण उंचीची बाई, वर-खाली थोडी जागा सोडून, उभ्या फ्रेममध्ये घ्यायची तर कॅमेरा तिच्यापासून साधारण साडेपंधरा फूट लांब लागतो. मॉडेलच्या मागे, फोटोत दिसणाऱ्या पडद्यापर्यंत (तो कसा करायचा ते पुढे सांगतो), चार-साडेचार फूट हवेत, नाहीतर तिची सावली पडद्यावर पडते आणि पडद्याच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात. म्हणजे वीस फूट झाले, तुम्ही उभे राहायची जागा वेगळी. तुमची खोली चौदा फूट. इथे बहुतेक जण मोबाईलच्या किंवा कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या वाइड अँगलने जवळून काढतात. मग कंबर रुंद आणि पाय आखूड दिसतात, आणि नीट घातलेल्या निऱ्या खाली फाकल्यासारख्या येतात.

पण आपली जुनी घरं कशी बांधलेली असतात ते आठवा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू, सगळं एकामागे एक, आणि दारं बहुतेक एका रेषेत. तुम्ही खोलीत उभं राहायचंच नाही. कॅमेरा सोप्यात ठेवा आणि दारातून आत फोटो काढा. दार अडीच फुटांचं असलं तरी कॅमेरा दाराच्या मागे साडेसहा-सात फूट जाऊ शकतो आणि चौकट फ्रेममध्ये येत नाही, कारण फ्रेम उभी आहे. मॉडेल दारापासून आत नऊ फुटांवर, तिच्या मागे साडेचार फुटांवर पडदा. चौदा फूट पुरले. शहापुरातल्या कितीतरी अरुंद घरांत मी असंच काम केलंय. कॅमेरा छातीच्या उंचीला ठेवा, ट्रायपॉडवर. सोप्यातला उजेड लेन्सवर येऊ नये म्हणून बाहेरचं दार अर्धं लोटून घ्या. घरच्यांना सांगून ठेवा, तेवढा वेळ सोप्यातून ये-जा नको.

कमरेपर्यंतच्या फोटोंना कॅमेरा आठ-साडेआठ फुटांवर पुरतो, ते खोलीतूनच होतील.

आता लाईट. स्वस्तातल्या सॉफ्टबॉक्स सेटमध्ये जे मोठे बल्ब येतात, त्यांचा उजेड डोळ्याला भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला नाही. एफ ८ ठेवायचं म्हटलं तर शटर १/६० पर्यंत खाली आणि आयएसओ १६०० च्या पुढे जातो. जुन्या कॅमेऱ्यावर तेवढ्या आयएसओला विणकामातला बारीक पोत आणि काठाची नक्षी पुसट होते. अशा बल्बमध्ये लाल रंग दाखवण्याची कुवतही बऱ्याचदा कमी असते, आणि आपल्या साड्यांत लाल, मरून, राणी, डाळिंबी हेच जास्त. चांगला, रंग खरे दाखवणारा, ताकदीचा एलईडी घ्यायचा तर तुमचं बजेट त्यातच जाईल.

त्यापेक्षा एक मॅन्युअल फ्लॅश घ्या. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा त्याच्या तोडीचा कुठलाही, आणि कॅमेऱ्यावर लावायचा त्याचाच रेडिओ ट्रिगर, म्हणजे लांबचा फ्लॅश बिनवायरीने उडवणारं यंत्र. घेताना ट्रिगर तुमच्या कंपनीच्या कॅमेऱ्याला चालणारा आहे ना ते तपासा, कॅनन, निकॉन, सोनी यांचे वेगवेगळे येतात. हा फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, खानापूर, जांबोटी भागात तर विचारायलाच नको. सेलवरचा फ्लॅश असेल तर लाईट गेली तरी काम थांबत नाही, आणि जुन्या घरातल्या वायरिंगवर, एकाच बोर्डावर चार पिना खुपसून, भार टाकायचीही गरज नाही. सेल मात्र रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे, आठ घ्या. चार फ्लॅशमध्ये, चार चार्जरवर.

फ्लॅशपुढे काय लावायचं, यात जरीचा विचार आधी करावा लागतो. जरीची तार आरशासारखी वागते, समोर जे असेल ते दाखवते. उघडा फ्लॅश मारला तर जरीवर चार पांढरे ठिपके आणि बाकी काठ काळपट. समोर मोठा पांढरा पृष्ठभाग असेल तर अख्खा काठ सलग सोनेरी दिसतो. म्हणून दुसरा फ्लॅश घेण्याआधी मोठी छत्री घ्या, साठ इंची, पांढरी, आरपार उजेड जाणारी. दुकानात तेहतीस इंची दाखवतील, ती चेहऱ्याला ठीक आहे, नऊवारीला किंवा भरजरी सहावारीला पुरत नाही.

छत्री कुठे ठेवायची? मॉडेलच्या समोर पण एका बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशात, डोक्याच्या वर, तोंड तिच्या कमरेकडे झुकवलेलं. अंतर महत्त्वाचं. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, दुप्पट लांब गेलं की पाव उरतो. छत्री सात फूट उंचीवर आणि चेहऱ्यापासून साडेतीन फुटांवर ठेवली तर पायाशी चेहऱ्याच्या पाव उजेड पोचतो, खालचा काठ अंधारात जातो. साडीच्या दुकानदाराला चेहऱ्यापेक्षा काठ प्यारा असतो. तीच छत्री सात फुटांवर नेली तर पायाशी निम्मा पोचतो. उरलेली कसर भरायला पांढरा थर्माकोल मॉडेलच्या पायापुढे, फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर आडवा टाका. दुसरा थर्माकोल छत्रीच्या विरुद्ध बाजूला उभा, काळं कापड बाजूला सारून. तो जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद. पहिल्या शूटला एवढंच पुरे.

थर्माकोलऐवजी घरची पांढरी चादर चालेल का, असं बरेच जण विचारतात. नीळ घातलेली असेल तर नको. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे काही धुताना घालतो, त्याची निळसर झाक फ्लॅशच्या उजेडात वाढते आणि ती त्वचेवर येते. थर्माकोल स्वस्त आहे, तोच घ्या.

फ्लॅशची ताकद १/२ वर ठेवून सुरुवात करा, बाकी सेटिंग मघाचीच. कमी-जास्त वाटलं तर फ्लॅशची पॉवर बदला, शटरला हात लावू नका. शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं की बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

पडद्यासाठी कागदाचा रोल सुचवतील. नऊ फुटी रोल महाग, आणि आमच्या इथल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर तो लाटा धरतो, नीट सपाट राहत नाही. मांजरपाट घ्या. शिंप्याकडून दोन-तीन पन्हे उभे जोडून नऊ फूट रुंद, बारा फूट लांब करून घ्या. आडवी शिवण नको, ती मॉडेलच्या मानेमागे येते. कपडा जमिनीवर ताणून त्यावर पातळ केलेला करडा डिस्टेंपर स्पंजने मारा, मुद्दाम थोडा कमी-जास्त, म्हणजे मधे उजळ आणि कडेला गडद. सपाट एकसारखा मारलात तर प्रत्येक डाग उठून दिसतो. वाळला की घडी घालू नका, पाइपला गुंडाळा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप मधे वाकतो, जाड पाइप घ्या, आणि तुळईला दोन दोऱ्या बांधून टांगा. स्टँडचे पैसे वाचले. फ्लेक्सचा पडदा करू नका, तो चमकतो. करडा एकच रंग का, तर करड्यावर मोरपंखीही उठते आणि अबोलीही, शिवाय त्याची स्वतःची रंगछटा साडीवर पडत नाही.

पूर्ण उंचीच्या फोटोत फरशी दिसणारच. मोझॅक किंवा चकाकणारी टाइल असेल तर पडदा पुढे जमिनीवर ओढून घ्या. शहाबादी फरशी असेल तर ती स्वच्छ पुसून तशीच दाखवा, साडीला ती शोभते.

रंगाबद्दल अजून थोडं, कारण तुमचं नाव यावर टिकणार आहे. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोत मॉडेलच्या हातात ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) द्या आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. त्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घेऊन बाकीच्यांना लावा. राणी आणि लालभडक साड्यांना आणखी एक त्रास असतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, ठीक दिसतो, पण एकटा लाल चॅनल उजवीकडे जाऊन आदळलेला असतो. मग काठापदरावरची वेलबुट्टी लाल डागात बुडून जाते. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि अशा साड्यांना फ्लॅश थोडा कमी ठेवा. धूपछाव साडीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचा एक फोटो कधीच खरा नसतो. एक समोरून आणि एक पदर वळवून घ्या, दुकानदाराला दोन्ही द्या. फाइल देण्याआधी एक-दोन साड्या घेऊन दारात, सावलीत उभे राहा आणि मोबाईलवरचा फोटो शेजारी धरून बघा. गिऱ्हाईक मोबाईलवरच बघणार आहे.

आणि मॉडेलचा वर्ण उजळवू नका. दुकानदार सांगेल, ‘जरा गोरी करून द्या की.’ नाही म्हणायचं, शांतपणे. आपल्या मुलींच्या सावळ्या, गव्हाळ रंगावर या साड्या विणल्या गेल्यात, त्यावरच त्या खुलतात. शिवाय चेहरा उजळवायला गेलं की साडीही फिकी पडते, हे त्यांना फोटो शेजारी ठेवून दाखवलं की पटतं.

फ्लॅशला पैसेच जमले नाहीत, तर एक रस्ता आहे. पडवी. सकाळी आठ ते दहा, ऊन अंगावर येत नाही अशा बाजूची. पावसाळ्यातला ढगाळ उजेड तर मोठ्या छत्रीपेक्षा मऊ असतो. तुमच्या भागात अंगणातली माती जांभ्याची, लाल. तिचा लाल उजेड खालून हनुवटीवर आणि मानेवर येतो, म्हणून मॉडेलच्या पुढे करडं किंवा पांढरं कापड अंथरा. निळी ताडपत्री नको. खिडकीचा उजेड वापरणार असाल तर ‘उत्तरेची खिडकी वर्षभर एकसारखी’ हा नियम इथे तसाच धरू नका. तो युरोपातला. आपण साधारण १६ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. जून-जुलैत ढग ते झाकतात. मे महिन्यात मात्र खिडकीला पातळ पांढरा पडदा लावावा लागेल.

आता माणसांबद्दल. तुम्ही घरी शूट करताय, मॉडेल बहुधा ओळखीतली किंवा बेळगावच्या एखाद्या कॉलेजातली मुलगी असेल. तिच्यासाठी कपडे बदलायची वेगळी खोली, आतून कडी लागणारी, आरसा आणि पंखा असलेली. त्या खोलीत कॅमेरा, मोबाईल काही ठेवलेलं नको. तिच्यासोबत आई, बहीण, मैत्रीण, जी कोणी येईल तिला आनंदाने बसवून घ्या. साडी नेसवायला आणि निऱ्या बसवायला बाईच हवी. तुमची वहिनी किंवा आई तयार असेल तर तिला त्या दिवसाचे पैसे द्या, हे कौशल्याचं काम आहे. पदर सारखा करायचा असला तरी तुम्ही हात लावू नका, तोंडाने सांगा. एप्रिल-मेत काळे पडदे लावलेल्या खोलीत भरजरी साडी नेसून उभं राहणं सोपं नसतं. दर दोन साड्यांनंतर दारं-खिडक्या उघडा, पाणी द्या. पंखा मात्र फ्लॅशच्या वेळी बंद, नाहीतर छत्री स्टँडसकट आडवी होते. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, ते कधीच टाळू नका.

मानधन आधी ठरवा आणि संमतीपत्र करा. फोटो कुठे वापरणार, किती काळ, कुणाला देणार, हे त्यात साध्या शब्दांत असू द्या. आपल्या भागात मुलगी कन्नड माध्यमात शिकलेली असेल तर ते कन्नडात करा, मराठी वाचणारी असेल तर मराठीत. इंग्रजी कागदावर सही घेऊन मोकळं होऊ नका, तिला वाचून कळलं पाहिजे. अठराच्या आतली असेल तर पालकांची सही. दुकानदाराशीही लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तुम्हाला ते फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचे असतील तर ती परवानगी करारातच घाला.

पैशांची वाटणी साधारण अशी होईल. अर्धी रक्कम फ्लॅश, ट्रिगर, सेल आणि चार्जर यांत. मग मोठी छत्री, मजबूत स्टँड आणि छत्री धरायचा ब्रॅकेट. मग काळं कापड, मांजरपाट, डिस्टेंपर, पाइप, थर्माकोल, क्लिपा. ग्रे कार्ड. उरलेल्यात झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ते विसरू नका. तुमच्याकडचा पाऊस लेन्सला बुरशी लावतो. डब्यात आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. सिलिकाऐवजी तांदूळ घालायची युक्ती सांगतात, ती नको, त्याची पूड लेन्सच्या रिंगांत बसते.

दुसरा फ्लॅश पहिल्या कामाचे पैसे आल्यावर घ्या. तो मागून, मॉडेलच्या केसांवर आणि खांद्यावरच्या काठावर मारायचा असतो.

दुकानदाराच्या साड्या घरी आणण्याआधी घरच्याच दोन साड्यांवर, एक जरीची आणि एक लाल, पूर्ण तालीम करा. आणि दोन्ही खोल्यांची मापं, मधल्या दाराची रुंदी आणि दारं एका रेषेत आहेत का, एवढं मोजून कळवा. मॉडेल, कॅमेरा आणि छत्री नेमकी कुठल्या फरशीवर येईल ते मग सांगता येईल.